पाण्यावरचे घर आणि जागेचे ऋण

भाडे म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत राहिल्याबद्दल ठरावीक मुदतीने द्यायचा मोबदला. शहरात तो आवाक्याबाहेर गेला की काही माणसे जमीन सोडून पाण्याकडे वळतात आणि नावेतच संसार थाटतात. लंडनच्या कालव्यांवर अरुंद, लांबट नावांमध्ये हजारो लोक बारमाही राहतात. अ‍ॅमस्टरडॅममध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर घरांची टंचाई पडली, तेव्हा जुन्या मालवाहू नावांची घरे झाली. आज तिथे अशी सुमारे अडीच हजार घरे आहेत. काश्मीरमध्ये बाहेरच्यांना जमीन घेण्यास मनाई होती, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्रीनगरला येणारे इंग्रज पाण्यावर मुक्काम करू लागले आणि हाउसबोट रूढ झाली. हांजी समाज तर त्याआधीपासून डुंग्यांत, म्हणजे छपराच्या नावांत, पिढ्यान्‌पिढ्या राहत आला होता.

ही निवड बहुधा पैशाच्या हिशेबातून होते. तिच्यातून उभा राहणारा प्रश्न मात्र धर्माचा आहे. जागा कोणाचीच नसेल आणि भाडे मागणारा मालकही नसेल, तर तिथे राहणाऱ्यावर काही देणे उरते का? उरत असेल तर ते कोणाचे आणि ते कसे फेडायचे? भारतीय परंपरेत या प्रश्नाचा विचार दोन अंगांनी झाला आहे. घर सोडणाऱ्याने कसे राहावे हे एक अंग, आणि घर करणाऱ्याने कोणासाठी राहावे हे दुसरे. दोन्ही अंगांच्या खुणा उल्हास नदीच्या खोऱ्यात, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात, आजही दिसतात.

उल्हास खोऱ्यातील निवारा

उल्हास नदी राजमाचीच्या परिसरात उगम पावते, कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर या गावांवरून कल्याणकडे येते आणि पुढे खाडी होऊन वसईजवळ समुद्राला मिळते. अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून येणारी वालधुनी तिला कल्याणजवळ मिळते. या खोऱ्यातील दाट वस्ती निवाऱ्याच्या शोधातूनच वाढली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्या रिकाम्या बॅरेकींमध्ये जागा देण्यात आली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. छावण्यांचे क्रमांक तसेच राहिले. पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ असेच म्हणतात. विस्थापितांनी मागे सोडलेल्या मालमत्तेच्या भरपाईसाठी १९५४ मध्ये केंद्राने कायदा केला.

बॅरेकींच्या जागी पुढे इमारती उठल्या. त्यांपैकी ८५५ बेकायदा इमारतींचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गाजले आणि २००६ मध्ये राज्याला उल्हासनगरसाठी बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला. अंबरनाथ आणि बदलापूरची वाढ वेगळ्या कारणाने झाली. मुंबईत, नंतर ठाण्यात आणि डोंबिवलीतही, घर घेणे ज्यांना परवडेना ते लोकलच्या मार्गाने पुढे पुढे सरकत आले. अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीतील कामगारांनीही आसपासच खोल्या घेतल्या. या वस्तीचा मोठा भाग डिपॉझिट आणि अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो. करार संपला की भाडे वाढते किंवा बिऱ्हाड हलते. जमिनीवर राहूनही अशा कुटुंबाची अवस्था पाण्यावरच्या माणसासारखीच अस्थिर असते.

तरीही या खोऱ्यात कोणी नावेत घर केलेले नाही, आणि त्याची कारणे नदीच्या स्वभावात आहेत. उन्हाळ्यात बदलापूरच्या वर नदीचे पात्र उथळ आणि खडकाळ असते; भिवपुरीच्या वीजगृहातून सोडलेल्या पाण्यावर तिची धार मोठ्या प्रमाणात टिकून राहते. पावसाळ्यात तीच नदी काही तासांत काठ सोडते. २६ जुलै २००५ च्या पुराने बदलापूर, उल्हासनगर आणि कल्याणच्या सखल भागातली वस्ती बुडवली. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. नदीला काठावरचे घरही जिथे दरवर्षी सोसवत नाही, तिथे पात्रातले घर टिकणे कठीण.

पाण्याला सर्वांत जवळून ओळखणाऱ्या कोळी समाजाचा व्यवहारही हेच सांगतो. ठाणे, वसई, मुंबईच्या किनाऱ्यावरचे कोळी होडीवर पोट भरतात. तांडेल आणि खलाशी दिवसचे दिवस समुद्रात काढतात. पण घर असते ते किनाऱ्यावर, कोळीवाड्यात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून शाकारल्या जातात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात उतरायचे, हा क्रम आहे. पाण्यावर जगायचे पण त्यावर हक्क सांगायचा नाही, ही मर्यादा या समाजाने आचारात बांधून ठेवली आहे.

पाण्यावरच्या घराची आठवण या खोऱ्यात आली ती सिंधी निर्वासितांबरोबर. सिंधू नदीवर आणि सेहवणजवळच्या मंछर सरोवरावर मोहाणा नावाचा मच्छीमार समाज नावांमध्येच जन्मत, नांदत आणि म्हातारा होत आला. सिंधी हिंदूंचे इष्टदैवत झूलेलाल हेही पाण्याचेच दैवत आहे. पल्ला माशावर आरूढ झालेल्या रूपात त्यांची पूजा होते. परंपरेनुसार ठट्ट्याचा राज्यकर्ता मिरख शाह याने धर्मांतराची सक्ती केली, तेव्हा लोकांनी चाळीस दिवस सिंधूच्या काठी व्रत केले आणि नसरपूरला झूलेलाल अवतरले. उदेरोलाल येथील त्यांच्या स्थानाला हिंदू आणि मुसलमान दोघेही मानतात. उल्हासनगरमध्ये चालिया साहिबचे चाळीस दिवसांचे व्रत आजही पाळले जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास, चैत्र शुद्ध द्वितीयेला, चेटीचंड साजरा होतो आणि ज्योत, फळे, खडीसाखर यांनी सजवलेला बहराणा पाण्यात विसर्जित केला जातो. जमीन, घर, शेती सगळे मागे राहिलेल्या समाजाला आपले दैवत मात्र बरोबर आणता आले, कारण ते वाहत्या पाण्याचे होते. जिथे नदी असेल तिथे त्याची पूजा होऊ शकत होती. देवत्व एका भूखंडाशी बांधलेले नसते, ही गोष्ट या समाजाने विस्थापनात प्रत्यक्ष जगून दाखवली.

अनिकेताचा मार्ग

घर नसणे ही भारतीय धर्मविचारात उणीव मानलेली नाही. भगवद्गीतेच्या बाराव्या अध्यायात भक्ताची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत तो अनिकेत असतो, म्हणजे कोणतेही घर ‘माझे’ म्हणून धरून बसत नाही, असे एक लक्षण आहे. संन्याशासाठी स्मृतींनी आणि संन्यासधर्माच्या ग्रंथांनी मुक्कामाचे नियमच घालून दिले. गावात एक रात्र आणि नगरात पाच रात्री, यापेक्षा अधिक थांबू नये, हा त्यांतला प्रसिद्ध दंडक. जागेची ओढ लागण्याआधी जागा सोडायची, हा त्यामागचा हेतू. पावसाळ्यापुरता या नियमाला अपवाद होता. त्या काळात संन्याशाने एका ठिकाणी राहावे. जैन साधू-साध्वींचा चातुर्मास आणि बौद्ध भिक्षूंचा वर्षावास हे त्याच अपवादाचे दोन मोठे आविष्कार.

वर्षावासाच्या नियमांत नावेचा थेट उल्लेख आहे. विनयपिटकातील महावग्गात सांगितले आहे की, पावसात हिंडणारे भिक्षू हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात अशी लोकांनी तक्रार केली, आणि त्यावरून वर्षावासाचा नियम झाला. मग प्रश्न निघाला की वर्षावास नेमका कुठे करायचा. गवळ्यांच्या तळाबरोबर, व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर आणि नावेवर वर्षावास करायला बुद्धांनी परवानगी दिली. झाडाच्या ढोलीत, झाडाच्या बेचक्यात, उघड्यावर, प्रेते ठेवण्याच्या जागी, छत्रीखाली किंवा रांजणात मात्र तो करू नये असे सांगितले. या निवडीतून एक सूक्ष्म विचार स्पष्ट होतो. निवारा हलता असला तरी चालेल, पण तो माणसाने राहण्याजोगा असला पाहिजे. स्थैर्य ही निवाऱ्याची अट नाही. माणसाची प्रतिष्ठा ही आहे. भाडे वाचवण्यासाठी फलाटावर, पुलाखाली किंवा गळक्या पत्र्याखाली राहणे आणि नीट छपराच्या नावेत राहणे यांत फरक करण्याचा निकष इथे मिळतो.

घराच्या ओझ्यावर सर्वांत थेट भाष्य भागवताच्या अकराव्या स्कंधात आहे. महाराष्ट्राला ते एकनाथांच्या टीकेमुळे परिचित झाले. ही टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यांत कबूतर आहे आणि सापही आहे. कबूतर घरट्यात आणि पिलांत इतके गुंतते की पारध्याच्या जाळ्यात सापडते. साप स्वतःसाठी घर बांधत नाही. दुसऱ्याने केलेल्या बिळात सुखाने राहतो. घर उभारण्याचा खटाटोप नश्वर देहासाठी व्यर्थ आहे, हा त्यातला बोध. दत्तसंप्रदायात वाढलेल्या मराठी माणसाला ही उदाहरणे लहानपणापासून ठाऊक असतात.

सापाच्या या दृष्टान्तात एक अवघड प्रश्न दडला आहे. बीळ कोणीतरी उकरलेले असते. ज्याने उकरले त्याचे श्रम सापाच्या निश्चिंतपणाखाली असतात. संन्याशाला भिक्षा देणारा गृहस्थ नसेल तर संन्यास चालत नाही, तसेच हे आहे. बांधणारे कोणी नसेल तर अनिकेत राहणार तरी कुठे? म्हणून परंपरेने अनिकेताला मोठे मानताना घर करणाऱ्याचा धर्मही तितक्याच बारकाईने मांडला.

गृहस्थाचे देणे

माणूस जन्मतःच ऋणी असतो, ही वैदिक कल्पना बहुतेकांना तीन ऋणांच्या रूपात माहीत असते: देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. शतपथ ब्राह्मणात त्यांच्या जोडीला चौथे ऋण सांगितले आहे, ते माणसांचे. देवांचे ऋण यज्ञाने, ऋषींचे अध्ययनाने, पितरांचे संततीने फिटते. माणसांचे ऋण फिटते ते त्यांना राहायला जागा आणि खायला अन्न दिल्याने. आज भाड्याच्या संदर्भात या विचाराकडे पाहिले तर त्याचे वेगळेपण लक्षात येते. जागेबद्दलचे देणे इथे जागेच्या मालकाला द्यायचे नाही. ज्याला जागा मिळाली त्याने ते ज्याला मिळाली नाही त्याला द्यायचे आहे. पुढे पंचमहायज्ञांत अतिथिसत्काराच्या रूपाने हेच ऋण नित्यकर्म झाले, आणि बाकीचे आश्रम ज्याच्या आधारावर जगतात तो गृहस्थाश्रम श्रेष्ठ, असे मनुस्मृतीने म्हटले.

या विचाराचे दगडात कोरलेले रूप उल्हास खोऱ्याच्या माथ्यावरच आहे. राजमाचीच्या पायथ्याशी, कर्जतजवळ, कोंडाणे लेणी आहेत. तिथले चैत्यगृह आणि विहार इसवी सनापूर्वीच्या काळापर्यंत मागे जातात. पावसाळ्यात भिक्षूंनी राहावे म्हणून असे विहार खोदले गेले. खोऱ्याच्या खालच्या टोकाला कल्याण हे प्राचीन बंदर होते, आणि कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या अनेक दात्यांची नावे आहेत. नावांवर माल भरून कमाई करणाऱ्यांनी घर सोडलेल्यांसाठी घरे खोदवली. अनिकेत आणि गृहस्थ यांचा संबंध याहून स्पष्ट दाखवता येणार नाही.

लौकिक भाड्याचा विचारही धर्मशास्त्राने केला आहे. नारदस्मृतीनुसार, दुसऱ्याच्या जमिनीवर भाडे देऊन ज्याने घर बांधले, त्याने जागा सोडताना आपले गवत, लाकूड आणि विटा घेऊन जाव्यात. मालकाच्या इच्छेविरुद्ध फुकट राहिलेल्याला मात्र हा हक्क नाही. म्हणजे भाडे दिल्याने केवळ राहण्याची परवानगी मिळते असे नाही, तर राहणाऱ्याच्या श्रमांचे रक्षणही होते. झोपडीचे छप्पर काढून दुसरीकडे नेणे ज्या समाजात शक्य होते, तिथे घर आणि जमीन या दोन निराळ्या वस्तू होत्या. नावेत राहणाऱ्याच्या बाबतीत त्या आजही निराळ्या आहेत.

पाण्यावरच्या आकारणीचे नियम त्याहून नेमके आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीत, पाण्यावरचे शुल्क घेणाऱ्या तरिकाने जमिनीवरचे शुल्क घेतल्यास त्याला दहा ‘पण’, म्हणजे दहा नाणी, दंड सांगितला आहे. मनुस्मृतीत नावेने नदी उतरण्याचे दर आहेत आणि गर्भिणी, संन्यासी, मुनी यांना ते माफ आहेत. ज्याला घर नाही त्याला नदीने अडवू नये, ही भावना त्यात दिसते. याज्ञवल्क्यस्मृतीवरची एक महत्त्वाची टीका याच भूमीत लिहिली गेली. तिचा कर्ता अपरादित्य हा बाराव्या शतकातला उत्तर कोकणचा शिलाहार राजा. त्याची टीका ‘अपरार्क’ या नावाने ओळखली जाते. अंबरनाथचे शिवमंदिरही त्याच घराण्याच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० च्या शिलालेखाचे, वालधुनीच्या काठावर उभे असलेले. जमीन, पाणी, कर आणि हक्क यांचा विचार करणारे राज्यकर्ते या खोऱ्याला साडेआठशे वर्षांपूर्वी लाभले होते.

पाणी कोणाचे

जमिनीला मालक असतो. वाहते पाणी कोणाचे? सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनच्या काळी संकलित झालेल्या रोमन कायद्याने हवा, वाहते पाणी, समुद्र आणि समुद्रकिनारा यांना स्वभावतःच सर्वांचे मानले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० नुसार नद्या, नाले, खाड्यांचे तळ राज्य शासनाच्या मालकीचे आहेत. ती मालकी कशा प्रकारची, हे सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सांगितले. बियास नदीच्या काठावरच्या हॉटेलसाठी नदीचा प्रवाह वळवण्यात आला होता. नदी, किनारे, जंगल यांचे शासन हे विश्वस्त आहे, मालक म्हणून ते खासगी हाती देऊ शकत नाही, असा १९९६ चा तो निर्णय होता. विनोबा भावे यांनी १९५१ मध्ये भूदानाला सुरुवात केली, तेव्हा त्यांचे म्हणणे याच दिशेने आणखी पुढे जाणारे होते: हवा आणि पाणी जसे कोणाच्या मालकीचे नाही, तशी जमीनही असू नये.

पण जे कोणाचेच नाही ते सर्वांना आपोआप मिळते, असे नाही. महाराष्ट्राचा इतिहास याची कठोर साक्ष देतो. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेने चवदार तळे त्यानुसार खुले केले. तरी त्या पाण्याला हात लावण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, आणि तो हक्क उच्च न्यायालयातून पक्का व्हायला १९३७ साल उजाडले. गुरे ज्या पाण्यावर जात होती तिथे माणसांना बंदी होती. ज्या धर्मग्रंथांनी अतिथीला देव मानले, त्यांच्याच नावाने ही बंदी चालवली गेली. मालक नसलेल्या जागीही बळवंताची मालकी निर्माण होते. म्हणून सामायिक वस्तू सामायिक राहायची तर तिला नियम लागतो आणि तो नियम सर्वांना सारखा लागावा लागतो.

पाण्यावरच्या घरांना हे तत्त्व कसे लागू होते, ते इंग्लंडच्या कालव्यांवर दिसते. तिथे १९९५ च्या कायद्याप्रमाणे, नाव बांधायची कायमची जागा ज्याच्याकडे नाही, त्याला एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक थांबता येत नाही. परवाना, विमा आणि सुरक्षिततेचा दाखला घ्यावा लागतो. संन्याशाच्या पाच रात्रींशी हा नियम चकित करण्याइतका जुळतो, पण दोहोंचा रोख वेगळा आहे. संन्याशाचा नियम त्याला आसक्तीपासून वाचवतो. कालव्याचा नियम काठाला एकाच्या ताब्यात जाण्यापासून वाचवतो. दोन्ही एकत्र ठेवले की कळते की आसक्ती ही केवळ मनातली गोष्ट नाही. एकाने जागा धरून ठेवली की दुसऱ्याची जागा जाते. अपरिग्रहाला, म्हणजे काही धरून न ठेवण्याला, मोक्षाइतकाच शेजाऱ्याचाही संदर्भ आहे.

पाण्याचे स्वतःचेही देणे असते. दल सरोवरातल्या हाउसबोटींच्या सांडपाण्याचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. मंछरची गोष्ट याच्या उलटी आहे. तिथे नावेत राहणाऱ्यांनी पाणी बिघडवले नाही. वरच्या अंगाच्या शेतीतले खारट निचऱ्याचे पाणी कालव्याने सरोवरात आले, मासे घटले आणि मोहाणा कुटुंबांना पिढ्यांच्या नावा सोडून काठावर यावे लागले. उल्हासनगरच्या सिंधी समाजाच्या पूर्वजांच्या प्रदेशात जे घडले, तेच त्यांच्या नव्या भूमीतही घडत आहे. वालधुनीत कारखान्यांची रसायने आणि शहरांचे सांडपाणी वर्षानुवर्षे मिसळत आले आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात सोडलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरमधल्या शेकडो रहिवाशांना त्रास झाला. ज्या उल्हास नदीचे पाणी लाखो लोक पितात, तिच्यावर उन्हाळ्यात जलपर्णी पसरते. नदीवर राहत नसलेला माणूसही नदीत राहतो, कारण त्याच्या घरातून निघालेली प्रत्येक गोष्ट शेवटी तिच्याच पात्रात येते.

जागेची तीन देणी

वरील विचारांची सांगड घातली तर मालकाविना जागेवर राहणाऱ्याकडेही तीन देणी उरतात. पहिले, जागेचे देणे: ती जशी मिळाली तशी, शक्य तर अधिक चांगली, मागे ठेवणे. वर्षावासाचा नियम गवतासाठी आणि बारीक जिवांसाठी झाला होता, हे इथे मार्गदर्शक आहे. नावेच्या संसारात याचा अर्थ सांडपाणी आणि मैला पाण्यात न सोडणे. फ्लॅटच्या संसारात याचा अर्थ आपले सांडपाणी कुठे जाते हे माहीत असणे आणि ते शुद्ध होऊनच नदीत जावे यासाठी सोसायटीत आणि नगरपालिकेत आग्रह धरणे.

दुसरे, पुढच्याचे देणे: आपल्यानंतर येणाऱ्यासाठी जागा मोकळी ठेवणे. पाच रात्री, चौदा दिवस, अकरा महिने या मुदती वरवर सारख्या दिसतात. पहिल्या दोन मुदतींनी सर्वांची जागा सर्वांसाठी राहते. तिसरी बहुतेक वेळा केवळ मालकाचा हक्क सुरक्षित ठेवते. मुदत न्याय्य आहे की नाही हे ती कोणासाठी जागा मोकळी करते यावर ठरते. रिकामे ठेवलेले फ्लॅट आणि बिऱ्हाडासाठी वणवण करणारी कुटुंबे एकाच शहरात असतील, तर तिथे हे देणे थकलेले आहे.

तिसरे, पाहुण्याचे देणे: आपल्या छपराखाली दुसऱ्याला वाव देणे. शतपथातले चौथे ऋण हेच. घराला घरपण येते ते या देण्यामुळे, आणि नावेलाही तोच निकष लागू पडतो. १९४७ नंतर कल्याणच्या छावण्या उघडल्या गेल्या तेव्हा सरकारने ते ऋण फेडले. २००५ आणि २०१९ च्या पुरांत काठावरच्या गावांनी अडकलेल्यांना मदत केली तेव्हा सामान्य कुटुंबांनी ते फेडले. पाहुण्याचे देणे फेडायला मालकी लागत नाही.

यावरून मूळ प्रश्नाचे उत्तर असे मिळते की, भाडे टाळल्याने माणूस मालकापासून सुटतो, ऋणातून सुटत नाही. भाडे हे जागेच्या ऋणाचे एक रूप आहे, आणि सर्वांत लहान रूप आहे, कारण ते पैशाने फिटते. जो ते भरतो त्याचे उरलेले ऋण त्यामुळे संपत नाही. जो ते भरत नाही त्याच्यावर ते अधिक उघडपणे येते, कारण त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये मालक उभा नसतो. नावेत राहणे म्हणूनच शहरी भाड्यातून पळवाट म्हणून निवडले तर ते अवधूताच्या सापासारखे दुसऱ्याच्या श्रमांवरचे सुख ठरते. जागा, पुढचा आणि पाहुणा या तिघांचे देणे मान्य करून निवडले, तर तो अनिकेताचा आणि गृहस्थाचा धर्म एकाच वेळी पाळण्याचा मार्ग होऊ शकतो. उल्हास खोऱ्यात नावा नाहीत, पण हा धर्म पाळायला नाव लागत नाही. बॅरेकीत, चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यालाही जागा आपली नाही हे ठाऊक असते. ती आपल्याकडे सोपवलेली आहे एवढे त्यात मिळवले की भाडेकरू आणि मालक दोघेही त्या जागेचे विश्वस्त होतात.